मिंध्याचा होकार

सार्वजनिक इस्पितळांत रुग्णांवर जें संशोधन चालतें त्यास परवानगी देणाऱ्या एका समितीवर बसण्याचा योग आम्हांस कांहीं वर्षांपूर्वीं आला. वैद्यकाशीं आमचा संबंध रोग्यापुरताच. परंतु अशा समितीवर डॉक्टरांखेरीज एखादा कायदेपंडित, समाजशास्त्राचा वा तत्त्वज्ञानाचा अभ्यासक आणि एक सामान्य नागरिक असावा असा नियम आहे. आणि तत्त्वज्ञान शिकविणाऱ्या मनुष्याची एरवीं कोणास गरज पडत नसल्यामुळें अशा जागीं त्याची आठवण होते. समितीचे सभासद किमान सात असावे, त्यांपैकीं निदान निम्मे त्या संस्थेबाहेरचे असावे, व अध्यक्षही बाहेरचाच असावा, असें २०१९ सालच्या नियमांनीं ठरविलें. आम्ही त्या बाहेरच्या निम्म्यांतले. महिन्यांतून एक दुपार, चहाचा पेला आणि वीतभर जाडीचे कागद, असें त्या कामाचें स्वरूप होतें. आणि प्रामाणिकपणें सांगावयाचें तर पहिलीं दोन वर्षें त्या कागदांची जाडी हीच रुग्णाच्या रक्षणाची खूण, असें आम्ही समजत होतों.

एके दिवशीं एका चालू संशोधनाचा अहवाल समितीपुढें आला. त्यांत मुख्य संशोधकांनीं मोठ्या समाधानानें लिहिलें होतें कीं, ज्या ज्या रुग्णांस विचारलें त्या सर्वांनीं संमति दिली. एकानेंही नकार दिला नाहीं. अध्यक्षांनीं अभिनंदन केलें. आम्हींही मान डोलावली व सही केली. इतकीं माणसें ज्ञानाच्या कार्यास आपण होऊन हातभार लावतात याचें आम्हांस कौतुकच वाटलें. पुढें पंधरा दिवसांनीं, आमच्या कॉलेजांतील शिपायाचा भाऊ त्याच इस्पितळांत होता म्हणून, त्यास पाहावयास आम्ही गेलों. शेजारच्या खाटेवर एक वृद्ध शेतकरी निजला होता आणि त्याची बायको खाटेशेजारीं फरशीवर चादर अंथरून बसली होती. बोलतां बोलतां कळलें कीं, त्या म्हाताऱ्यावर तेंच संशोधन चाललें आहे आणि आम्हीं मंजूर केलेल्या कागदावर त्याचा अंगठा आहे. नाहीं म्हटलें तरी चालतें हें तुम्हांला कोणी सांगितलें होतें काय, असें आम्हीं विचारलें. तिनें आमच्याकडे, एखाद्या अजाण मुलाकडे पाहावें तसें पाहिलें.

“सायेब, त्यांनी खाट दिलीया,” ती म्हणाली. “खाट देनाऱ्याला नाय कसं म्हनायचं?”

यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. नकार दिल्यास उपचारांत कांहीं फरक पडणार नाहीं, असें त्या कागदावर स्वच्छ मराठींत लिहिलें होतें. तो मजकूर आम्हींच दोनदां वाचून सुधारला होता. एके ठिकाणीं ‘सदर’ हा शब्द काढून ‘हा’ घातला होता, व त्या दुरुस्तीचा आम्हांस थोडासा अभिमानही होता.

संमतीवर लिहिणारे इंग्रज व अमेरिकन ग्रंथकार तिचे मुख्य शत्रु दोन मानतात : बळजबरी आणि प्रलोभन. मानेवर सुरी ठेवून घेतलेला होकार हा होकार नव्हे, आणि भुकेल्यास पैसे दाखवून घेतलेलाही नव्हे. त्या बाईच्या उत्तरांत या दोहोंपैकीं कांहींच नव्हतें. तिला कोणीं धमकावलें नव्हतें, आणि पैसा तर कोणीं दिलाच नव्हता. तिच्या स्थितीला नेमका शब्द आपल्या भाषेंत आहे. तो इंग्रजींत न्यावयाचा तर एक सबंध वाक्य खर्चावें लागेल. ती मिंधी होती. मिंधेपणा म्हणजे भय नव्हे आणि लोभही नव्हे. ज्याचे उपकार घेतले त्याच्यापुढें तोंड उघडतां न येणें, हा मिंधेपणा. आणि त्याच्या मुळाशीं दुर्गुण नसून सद्गुण असतो, ही यांतली खरी अडचण. खाल्ल्या मिठाला जागावें असें आपण मुलांस लहानपणापासून शिकवितों. तेव्हां ज्या होकारावर हें शास्त्र उभें राहतें तो येथें भीतीनें किंवा हावेनें नासलेला नसतो. तो कृतज्ञतेनें वांकलेला असतो, आणि म्हणूनच ओळखूं येत नाहीं. भ्यालेला मनुष्य डोळे चुकवितो. कृतज्ञ मनुष्य हंसून अंगठा उठवितो.

वास्तविक उपकार मुळीं झालेलाच नसतो. ती खाट कोणा डॉक्टरची वडिलार्जित मिळकत नव्हे. ती लोकांच्या पैशानें ठेविलेली आहे, आणि साबणाची वडी विकत घेतांना त्या बाईनेंही आपला वांटा भरलेला आहे. परंतु हें तिला सांगतो कोण? केसपेपरच्या रांगेनें, वॉर्डांतल्या दरडावणीनें आणि ‘बाहेर थांबा’ या दोन शब्दांनीं तिला आजवर उलटेंच शिकविलें आहे. हक्काची वस्तु दान म्हणून मिळूं लागली कीं घेणारा मिंधा होतो. आणि देणाऱ्याचाही असा समज होतो कीं आपण दाते आहों.

मनुष्यास केवळ साधन म्हणून वापरूं नये, असें कांटनें सांगितलें. त्यांतील ‘केवळ’ या शब्दाकडे आमच्या विद्यार्थ्यांचें नेहमीं दुर्लक्ष होतें. संशोधनांतला रुग्ण हा पुढच्या रुग्णांच्या हिताचें साधन असतोच. त्यावांचून संशोधन होणार नाहीं. प्रश्न एवढाच कीं तो हेतु त्यानें आपलासा केला आहे कीं नाहीं. संमतीचें सारें मोल या आपलेंसें करण्यांत आहे. त्या म्हाताऱ्यानें ज्ञानाचा हेतु आपलासा केला होता काय? आमच्या मतें नाहीं. तो संशोधनास होकार देत नव्हता. तो खाटेचें भाडें देत होता. आणि अशा मनुष्याच्या पुढें कितीही सोप्या मराठींतला कागद ठेविला तरी तें भाडें तो देतच राहणार. कागद अज्ञानावर उपाय आहे, मिंधेपणावर नाहीं.

हा प्रश्न आजचा नव्हे. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला तेव्हां हाफकिन यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला. तेथील जे कैदी आपण होऊन पुढें आले त्यांस ती टोंचण्यांत आली, आणि बाकीच्यांशीं तुलना करून तिचा गुण पाहण्यांत आला. लस उपयोगी ठरली. परंतु ‘आपण होऊन’ या शब्दांचा तुरुंगाच्या भिंतीआड काय अर्थ होतो, हें ज्याचें त्यानें ठरवावें. तथापि हाफकिन यांच्या रीतींत एक गोष्ट अशी होती कीं जी आमच्या वीतभर कागदांत नाहीं. त्यांनीं प्रथम आपला देह तारण ठेविला. एका देहावरून शास्त्रदृष्ट्या फार थोडें सिद्ध होतें, हें खरें. परंतु मागणारा आणि देणारा यांच्या मध्यें कांहीं बरोबरी त्या कृत्यानें उत्पन्न होत होती. आज विचारणारा निराळा, सोसणारा निराळा, आणि परवानगी देणारे आम्ही तिसरेच. आमच्या सहीनें आमचा केसही वांकडा होत नाहीं.

ही तिसऱ्याची सही आली ती मात्र अनुभवाच्या मोठ्या किंमतीनें. १९४७ सालच्या न्युरेंबर्गच्या निकालानें रुग्णाच्या स्वेच्छेस पहिलें स्थान दिलें. १९६४ च्या हेलसिंकीच्या जाहीरनाम्यानें डॉक्टरांनीं आपल्या धंद्यास आपणच नियम घालून घेतले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें १९८० सालीं अशा समित्यांचें धोरण आंखून दिलें. नुसत्या डॉक्टरच्या सद्बुद्धीवर विसंबणें किती धोक्याचें असतें याचें उदाहरण म्हणून टस्कीगीचें नांव सर्व पुस्तकांत येतें. अमेरिकेच्या सरकारी आरोग्यखात्यानेंच अलाबामा संस्थानांत उपदंश झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांस १९३२ पासून १९७२ पर्यंत खऱ्या उपचारावांचून नुसतें पाहत ठेविलें होतें. तपासणीच्या दिवशीं त्यांस फुकट जेवण मिळे, आणि मेल्यावर अंत्यविधीचा खर्च. मिंधेपणा किती थोडक्या भांडवलावर तयार करतां येतो पाहा!

आपल्याकडे २००९ सालीं आंध्र प्रदेशांतील खम्मम आणि गुजराथेंतील बडोदें या जिल्ह्यांत दहा ते चौदा वर्षांच्या मुलींस गर्भाशयमुखाच्या कॅन्सरास प्रतिबंध करणारी लस देण्याचा उपक्रम सुरू झाला. ‘पाथ’ नांवाची अमेरिकन संस्था, वैद्यकीय संशोधन परिषद आणि दोन्ही राज्यांचीं सरकारें यांचें तें संयुक्त कार्य होतें. सात मुलींच्या मृत्यूमुळें गवगवा झाला आणि एप्रिल २०१० मध्यें काम थांबविण्यांत आलें. ते मृत्यु लशीमुळें झाले नाहींत असा चौकशी समितीचा अभिप्राय पडला, आणि त्यावर अविश्वास ठेवण्यास आम्हांस कारण दिसत नाहीं. लस चांगली आहे व जगभर दिली जाते. परंतु संसदेच्या स्थायी समितीनें ऑगस्ट २०१३ मध्यें जो अहवाल सादर केला त्यांतील एक ओळ आम्हीं कैक वेळां वाचली आहे. आंध्रांतील ९,५४३ संमतिपत्रांपैकीं १,९४८ वर अंगठे होते, आणि २,७६३ वर वसतिगृहांच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. म्हणजे मुलींच्या आईबापांच्या जागीं सरकारच्याच पगारी नोकरानें सरकारला होकार दिला. मिंध्याच्या वतीनें मिंध्यानेंच दिलेला होकार तो हा. शिवाय त्या उपक्रमास ‘चांचणी’ न म्हणतां ‘प्रात्यक्षिक प्रकल्प’ म्हटलें होतें, त्यामुळें चांचणीचे कडक नियम त्यास लागू नाहींत असा युक्तिवाद करतां आला. बारशाच्या वेळीं नांव बदललें म्हणून मुलाचें कूळ बदलत नाहीं, हें साध्या गृहस्थास कळतें. खात्यास कळावयास संसद लागली.

याहून पुष्कळ अवघड उदाहरण आपल्या घरचें आहे. अवघड अशासाठीं कीं त्यांत कोणीं लबाडी केली असें म्हणतां येत नाहीं. उस्मानाबाद (आतां धाराशिव) जिल्ह्यांत १९९९ सालीं एक मोठें संशोधन सुरू झालें. बार्शीचें कॅन्सर इस्पितळ, मुंबईचें टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधील लियाँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनीं मिळून तें चालविलें. गांवांचे ५२ समूह केले. त्यांतील ३० ते ५९ वर्षें वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया चार गटांत विभागल्या. पहिल्या तीन गटांतील स्त्रियांची तीन निरनिराळ्या रीतींनीं एकदां तपासणी करावयाची होती. चौथ्या गटाची तपासणी करावयाची नव्हती. रोगाची माहिती सांगावयाची, आणि जी सेवा त्यांस एरवीं मिळते तीच मिळूं द्यावयाची. पुढें आठ वर्षें प्रत्येक गटांत किती स्त्रिया या रोगानें मरतात तें मोजावयाचें. २००९ सालीं निकाल प्रसिद्ध झाला. विषाणूची तपासणी झालेल्या गटांत ३४ मृत्यु होते, आणि चौथ्या गटांत ६४. दोन्ही गट सुमारें सारखेच मोठे. आयुष्यांतून एकदां केलेली एक तपासणी मृत्यु निम्म्यावर आणते, हें जगास मराठवाड्यांतील त्या गांवांनीं शिकविलें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं याच तपासणीस अग्रस्थान दिलें.

आतां प्रश्न असा कीं, त्या ६४ जणींविषयीं आपण काय म्हणावयाचें? आक्षेप घेणारे म्हणतात, श्रीमंत देशांत तपासणीनें हा रोग आटोक्यांत येतो हें कित्येक दशकें ठाऊक असतांना एका गटास तपासणीवांचून ठेवणें हेंच पाप. संशोधकांच्या बाजूनें उत्तर असें कीं, त्या जिल्ह्यांत तपासणीची कसलीच सोय नव्हती. चौथ्या गटाचें कोणीं कांहीं काढून घेतलें नाहीं. संशोधन झालें नसतें तर चारही गट चौथ्या गटांतच राहिले असते. हें उत्तर आम्हांस बरेच दिवस पटत होतें, आणि आजही त्यास कोणी सहज खोडून काढील असें वाटत नाहीं. बार्शीचीं माणसें निदान त्या गांवांत गेलीं. त्यांच्या आधीं त्या स्त्रियांकडे दुसरें कोण गेलें होतें?

परंतु त्या उत्तराचा पाया कोणता तें पाहावें. जिला कांहीं मिळत नव्हतें तिला कांहीं न देणें हा अन्याय नव्हे, असा तो पाया आहे. म्हणजे सरकारची जी अनास्था रोगास कारण होते, तीच संशोधनास परवाना होते. ज्या देशांत प्रत्येक स्त्रीस तपासणी मिळते तेथें असा चौथा गट करतांच आला नसता. तो येथें करतां आला, कारण येथें दारिद्र्यानें तो आधींच करून ठेविला होता. यांत दोष कोणाचा? आम्हांस वाटतें, ज्यांनीं गट पाडले त्यांचा नव्हे, तर ज्यांस गट पाडण्यापूर्वीं कोणीं कांहीं विचारलेंच नाहीं त्यांचा. संशोधकांकडे परवानगीच्या वेळीं शेंकडों प्रश्नांचीं उत्तरें मागतात. सरकारास एकही प्रश्न करीत नाहींत. या निकालाचें तुम्ही काय करणार, कोणत्या वर्षापर्यंत करणार, कोणत्या पैशानें करणार, हें लिहून देऊन त्याखालीं सही करावी असा रकाना कोणत्याही अर्जांत आम्हीं पाहिलेला नाहीं. आणि परिणाम असा कीं, निकाल प्रसिद्ध होऊन दहा वर्षें लोटल्यावर, २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत, ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकीं या रोगाची तपासणी कधींतरी झाली असें सांगणाऱ्या स्त्रिया शेंकडा १·९ निघाल्या. बाकीचा देश तेव्हांही चौथ्याच गटांत होता. फक्त त्याचे मृत्यु कोणी मोजीत नव्हतें. मिंध्याच्या होकाराची फेड होऊं शकते ती एकाच रीतीनें : त्यानें जें ज्ञान दिलें तें त्याच्या दाराशीं परत आणून पोंचविणें. ती फेड न करतां त्याची संमति नीट घेतली होती कीं नव्हती यावर वाद घालणें म्हणजे कर्ज बुडवून खतावरील शुद्धलेखन तपासण्यासारखें आहे.

येथवर वाचून कोणास वाटेल कीं आम्ही परवानग्यांचे मोठे भक्त आहों. तसें नाहीं. परवानगीच्या पद्धतींत एक विलक्षण विसंगति आहे, व ती इंग्लंडांतील एका बालरोगतज्ज्ञानें फार पूर्वीं दाखवून दिली आहे. नवें औषध आपल्या सगळ्या रोग्यांस द्यावयाचें असल्यास डॉक्टरास कोणास विचारावें लागत नाहीं. तेंच निम्म्यांस देऊन त्याचा गुण खरोखर येतो कीं नाहीं हें पाहावयाचें म्हटलें कीं समिति, कागद आणि सह्या. जो अज्ञानांत वागतो तो मोकळा, आणि जो अज्ञान दूर करूं पाहतो तो आरोपीच्या पिंजऱ्यांत. २०२० सालच्या कोविडच्या सांथींत जगभर हजारों डॉक्टर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन देत होते. त्यास कोणत्याही नीतिसमितीची मंजुरी लागली नाहीं. इस्पितळांतील रुग्णांस त्याचा उपयोग होत नाहीं, हें जून २०२० मध्यें कळलें, तें इंग्लंडांत ‘रिकव्हरी’ नांवाचें संशोधन रीतसर परवानगी घेऊन चाललें होतें म्हणून.

त्या संशोधनाची हकीकत आमच्या समितीच्या प्रत्येक सभासदानें वाचावी अशी आहे. त्याचा आराखडा लिहिण्यास आरंभ झाल्यापासून नऊ दिवसांत पहिला रुग्ण दाखल झाला. सुमारें तीन महिन्यांत, १६ जून रोजीं, डेक्सामिथॅसोन या जुन्या आणि स्वस्त औषधाचा निकाल हातीं आला : २,१०४ रुग्णांस तें दिलें होतें व ४,३२१ जणांस नेहमींचेच उपचार, कृत्रिम श्वासावर असलेल्यांचे मृत्यु तृतीयांशानें आणि नुसत्या प्राणवायूवर असलेल्यांचे पंचमांशानें कमी झाले. ही घाई नीति गुंडाळून ठेवून झाली नाहीं. तेथें पूर्वीं प्रत्येक इस्पितळ आपापली परवानगी निराळी देई. ती रीत मोडून २०१६ पासून एकच मध्यवर्ती मंजुरी सर्व सरकारी इस्पितळांस पुरते. संमतीचा कागद मुद्दाम लहान ठेविला होता. संशोधनाच्या कामासाठींच नेमलेल्या परिचारिका इस्पितळांत आधींपासून होत्या. आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, १९४८ पासून चालत आलेली ती फुकट आरोग्यसेवा तेथील लोक आपला हक्क समजतात. खाट मिळाली म्हणून तेथें कोणी मिंधा होत नाहीं. तेव्हां सेवा फुकट असणें आणि रुग्ण मिंधा असणें यांचा अतूट संबंध नाहीं. तो आपण जोडला आहे.

आपल्याकडे परवानगी मागण्याची व्यवस्था उभी राहिली, पण साहाय्याची राहिली नाहीं. सरकारी इस्पितळांतील डॉक्टर सकाळभर रोगी तपासून थकलेला असतो. त्याच्या मनांत एखादा चांगला प्रश्न आला तरी तो मांडण्यास त्यास वेळ नाहीं, कारकून नाहीं, पैसा नाहीं. साहाय्य ज्याच्यापाशीं आहे तो औषधें विकणारा. म्हणून आमच्यापुढें येणाऱ्या प्रश्नांत विकणाऱ्याचे प्रश्न अधिक आणि खाटेवरच्याचे थोडे. नेहमींच असें होतें असें नाहीं. १९५६ सालीं मद्रासेंत क्षयरोग्यांवर एक संशोधन झालें. खाटा थोड्या आणि रोगी अफाट, या आपल्याच अडचणींतून त्याचा प्रश्न निघाला होता : रोग्यास आरोग्यभुवनांत ठेवण्याऐवजीं घरीं ठेवून गोळ्या दिल्या तर चालेल काय? शहरांतील गरीब वस्तींतले १९३ रोगी घेऊन निम्म्यांस घरीं आणि निम्म्यांस आरोग्यभुवनांत उपचार केले. दाटीचें घर, अपुरें अन्न, तरीही घरचे रोगी जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि घरच्या माणसांस त्यांच्यापासून अधिक धोका पोंचला नाहीं. १९५९ सालीं हें प्रसिद्ध झाल्यावर जगांतील क्षयरोगाच्या उपचाराची दिशाच बदलली. तेथेंही रोगी गरीबच होते, आणि त्यांचा होकारही बहुधा मिंधाच असेल. परंतु जो प्रश्न विचारला गेला तो त्यांचा स्वतःचा होता. परवानगी देणाऱ्यानें कागद उलटण्यापूर्वीं हें पाहावें, असें आम्हांस वाटूं लागलें आहे : हा प्रश्न कोणाचा आहे?

नियम करणाऱ्यांनींही आपल्या परीनें पुष्कळ केलें आहे. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचानें २०१२ सालीं सर्वोच्च न्यायालयांत दाद मागितली, त्या सुमारास नुकसानभरपाईचे नियम झाले व संमति घेतांना चित्रमुद्रण करण्याची आज्ञा निघाली. २०१९ च्या नियमांत तें चित्रमुद्रण नव्या रासायनिक औषधांच्या चांचणींतील दुर्बल रुग्णांपुरतें राहिलें, आणि एच्.आय्.व्ही. व कुष्ठरोग यांवरील औषधांच्या बाबतींत चेहरा न दाखवितां नुसता आवाज मुद्रित करावा असें ठरलें. यांत ज्यानें कोणी विचार केला त्याच्या मनाची कोंवळीक दिसते. त्याच नियमांत असेंही आहे कीं, भारतांतच शोधलेल्या व येथेंच बनवावयाच्या नव्या औषधाच्या अर्जास सरकारनें तीस कामाच्या दिवसांत उत्तर न दिल्यास परवानगी मिळाली असें धरावें. सरकारचें मौन ही संमति होऊं शकते. रुग्णाचें होऊं शकत नाहीं. निदान एवढा भेद तरी कायद्यानें रुग्णाच्या बाजूनें केला आहे! परंतु चित्रमुद्रणांत चेहरा येतो, आवाज येतो. खाट येत नाहीं.

त्या बाईची भेट झाल्यावर पुढच्या सभेंत आम्हीं दोन सूचना मांडल्या. एक अशी कीं, ज्या डॉक्टरच्या हातांत रुग्णाचा उपचार आहे त्यानें संमति मागूं नये. ज्याच्या हातीं खाट देणें वा काढणें नाहीं अशा कोणी तरी, उदाहरणार्थ इस्पितळाच्या समाजसेवकानें, ती मागावी. दुसरी अशी कीं, दर तिमाहीच्या अहवालांत किती रुग्णांनीं नकार दिला याचा रकाना असावा, आणि तो कोरा असल्यास समितीनें त्याचें कारण विचारावें. पहिल्या सूचनेस बराच विरोध झाला. रोगी डॉक्टरवर विश्वास ठेवतो, समाजसेवकास ओळखत नाहीं, असें एका ज्येष्ठ सर्जननीं सांगितलें, आणि तें खोटें नव्हतें. दुसऱ्या सूचनेस ते हंसले. नापासांची संख्या पाहून शाळेची परीक्षा करावी असा तुम्हां मास्तर लोकांचा हिशेब दिसतो, असें ते म्हणाले. दोन्ही सूचना शेवटीं एका वर्षाच्या बोलीवर मान्य झाल्या.

सहा महिन्यांनीं त्याच सर्जनांच्या संशोधनाचा अहवाल आला. नकाराच्या रकान्यांत प्रथमच आंकडा होता. मोठा नव्हता, पण होता. त्याबरोबर चार महिने मुदत वाढवून मिळावी असा अर्ज जोडला होता, कारण रुग्णांची ठरलेली संख्या भरली नव्हती. या चार महिन्यांत जे रोगी निकाल वेळेवर लागला असता तर वांचले असते त्यांचा हिशेब कोणीं द्यावयाचा, असें त्यांनीं आमच्याकडे पाहून विचारलें. आम्हीं उत्तर दिलें नाहीं. देतां आलें असतें असेंही नाहीं. अर्ज हातोहात फिरत आमच्यापर्यंत आला. विलंबाच्या कारणापुढें टंकलेखकानें दोनच शब्द लिहिले होते : ‘रुग्णांचा नकार.’ आम्हीं तो मजकूर तसाच राहूं दिला आणि खालीं सही केली.